लेझरचा झोत आणि डोळ्याचा पडदा

२०२३ च्या अनंत चतुर्दशीनंतर नाशिक, कोल्हापूर, पुणे इथल्या नेत्रतज्ज्ञांकडे एकसारख्या तक्रारीचे तरुण रुग्ण येऊ लागल्याच्या बातम्या छापून आल्या. डोळा दुखत नाही, लाल नाही, पाणीही येत नाही. फक्त समोर बघितलं की बरोबर मधोमध डाग दिसतो. मिरवणुकीतल्या लेझरकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हापासून दर गणेशोत्सवात तोच क्रम चालू आहे. आधी डॉक्टरांच्या संघटनांचं आवाहन, मग पोलिसांचा मनाई आदेश, मग मिरवणूक, मग पुन्हा रुग्ण.

याच काळात, याच शहरांत, चित्रपटगृहांनी जुने झेनॉन दिवे काढून लेझर प्रोजेक्टर बसवले. शाळांच्या वर्गांत, क्लासेसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, घरातल्या दिवाणखान्यातही ते आले. मल्टिप्लेक्समधून डोळा भाजून कुणी बाहेर पडल्याचं मात्र ऐकिवात नाही. दोन्हीकडे प्रकाश लेझरचाच, मग एकीकडे दवाखाना आणि दुसरीकडे पॉपकॉर्न असं का? या प्रश्नाचं उत्तर नीट लावल्याशिवाय ‘लेझरवर बंदी घाला’ आणि ‘लेझर सुरक्षित आहे’ ही दोन्ही वाक्यं सारखीच पोकळ राहतात.

सुरुवात डोळ्यापासून करावी लागेल. थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातल्या ह्यूज प्रयोगशाळेत माणकाच्या कांडीतून पहिला लेझर चमकवला तो मे १९६० मध्ये. या प्रकाशाचा गुण असा की तो फारसा फाकत नाही. साध्या दिव्याचा प्रकाश दहा दिशांना जातो आणि त्यातला नगण्य अंश आपल्या बाहुलीतून आत शिरतो. लेझरचा बारीक झोत मात्र सबंधच्या सबंध बाहुलीत मावतो, आणि डोळ्याचं भिंग त्याला दृष्टिपटलावर दहा-वीस मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा करतं. अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते. सात मिलिमीटरच्या गोलातला प्रकाश वीस मायक्रॉनमध्ये आला की त्याची तीव्रता एक लाख पटींहून अधिक वाढते. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल त्याला हे वेगळं समजावायला नको.

कागदावर हिशेब मांडला तर एका मिलिवॅटचा लेझर दृष्टिपटलावरच्या त्या ठिपक्यात दुपारच्या सूर्यापेक्षा वीसेक पट तीव्र ठरतो. सूर्याची प्रतिमा दृष्टिपटलावर बरीच मोठी, म्हणजे साधारण ०.१६ मिलिमीटरची पडते, हे त्यामागचं कारण. असं असूनही एक मिलिवॅट सुरक्षित मानला जातो, कारण ठिपका लहान असला की उष्णता आजूबाजूला चटकन पसरते, डोळा सतत थरथरत असतो, आणि झगमगाट झाला की माणूस पापणी मिटतो किंवा मान फिरवतो. या प्रतिक्रियेला पाव सेकंद लागतो असं धरून आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवली आहे: पाव सेकंदासाठी चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच मिलिवॅट. सात मिलिमीटरच्या बाहुलीशी त्याचा गुणाकार केला की बरोबर एक मिलिवॅट येतो.

लेझरची सगळी वर्गवारी या आकड्याभोवती उभी आहे. आयईसी ६०८२५-१ हे त्या आंतरराष्ट्रीय मानकाचं नाव. वर्ग १ म्हणजे कसाही वापरा, धोका नाही. सीडी प्लेअर त्यातला. वर्ग २ म्हणजे दिसणारा, एक मिलिवॅटपर्यंतचा. ३आर पाच मिलिवॅटपर्यंत, ३बी अर्ध्या वॅटपर्यंत, आणि त्यापुढचं सगळं वर्ग ४. अर्ध्या वॅटच्या किंचित वरच्याला आणि पन्नास वॅटला एकच वर्ग, हे जरा विचित्र वाटतं. पण मानकाची भूमिका सरळ आहे: इथून पुढे डोळ्याला, कातडीला, पडद्याला, सगळ्यालाच धोका, तेव्हा आणखी पायऱ्या कशाला मोजायच्या?

पाव सेकंदाचं गृहीतक तरी कितपत खरं? जर्मनीतल्या कोलोनमध्ये हान्स-डीटर रायडेनबाख यांनी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या, तेव्हा वर्ग २ च्या झोताने वेळेत पापणी मिटणाऱ्यांचं प्रमाण वीस टक्क्यांच्याही आत निघालं. म्हणजे ज्या प्रतिक्षिप्त क्रियेवर मानक टेकलेलं आहे, ती बहुतेकांना दगा देते. वर्ग २ पुरता हा दगा निभावून जातो, कारण मर्यादेत बरीच सवलत ठेवलेली आहे. वर्ग ४ मध्ये पापणी मिटली काय आणि न मिटली काय. इजा व्हायची ती पापणी हलण्याआधीच होऊन गेलेली असते.

आता मिरवणुकीतला झोत घेऊ. पाच वॅटचा तीनरंगी लेझर ही आज भाड्याने सहज मिळणारी वस्तू आहे. यंत्रातून बाहेर पडताना झोत पाच मिलिमीटर रुंद, आणि दर मीटरला एक मिलिमीटर फाकतो असं धरू. वीस मीटरवर, म्हणजे पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पुढच्या पथकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत, तो अडीच सेंटिमीटरचा झालेला असतो. तिथे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक वॅट पडतो. मर्यादा अडीच मिलिवॅटची. चारशे पट! हाच झोत कुठे गेल्यावर निर्धोक होतो, हे त्याच सूत्राने काढलं तर अंतर येतं जवळजवळ अर्धा किलोमीटर. अलका चौकापासून अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात विसर्जनाच्या रात्री किती माणसं असतात, याचा अंदाज पुणेकरांना सांगायला नको.

लायटिंगवाले यावर म्हणतात की झोत एका जागी थांबतच नाही, सतत फिरत असतो. म्हणणं अर्धं खरं आहे. यंत्राच्या आत दोन चिमुकले आरसे सेकंदाला हजारो वेळा हलतात आणि एका बिंदूतून पंखा, बोगदा, लाटा काढतात. त्यामुळे एका डोळ्यावर झोत काही मायक्रोसेकंदच राहतो. साठ अंशांचा पंखा सेकंदाला तीस वेळा फिरतो असं धरलं तर वीस मीटरवरच्या बाहुलीतून तो चाळीसेक मायक्रोसेकंदांत जातो. पण वेळ कमी झाला की मर्यादाही आवळते. इतक्या छोट्या स्पंदासाठी जेवढी ऊर्जा चालते, तिच्या चाळीसेक पट ऊर्जा त्या एका फेरीत पडते. फेऱ्या सेकंदाला तीस. प्रेक्षकांवर झोत फिरवण्याची कला जगात शिकून करणारे लोक आहेत. ते झोत मुद्दाम रुंद करतात, शक्ती उतरवतात, मीटरने मोजतात आणि मगच गर्दीवर सोडतात. आपल्याकडे ट्रॉलीवर ट्रस उभी राहते, ट्रसला शार्पी आणि लेझर एकाच क्लॅम्पने लटकतात, जनरेटर सुरू होतो आणि कन्सोलवरचा पोरगा तयार पॅटर्न लावतो. मोजणार कोण, आणि कशाने?

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. शार्पी म्हणजे लेझर नव्हे. ती फिरत्या मुंडीची, डिस्चार्ज दिव्याची बीम लाइट आहे. डोळे दिपवते, त्रास देते, जवळून बघू नये हेही खरं. पण दृष्टिपटलावर वीस मायक्रॉनचा भाजलेला ठिपका पाडण्याचं काम तिचं नाही. बातम्यांत, आदेशांत, मंडळांच्या बैठकीत दोन्ही एकाच पिशवीत जातात. परिणामी बंदी आली की मंडळ शार्पी उतरवतं आणि लेझर ‘छोटाच आहे’ म्हणून ठेवतं, असंही घडू शकतं.

आरसे अडकले तर? आतला आरसा बंद पडला किंवा कार्यक्रमात चुकून एकच बिंदू आला की पंख्याचा सगळा झोत एका रेषेत थांबतो. चांगल्या यंत्रात स्कॅन थांबताक्षणी प्रकाश तोडणारी व्यवस्था असते. वर्ग ३बी आणि ४ च्या यंत्राला किल्लीचं कुलूप, दुरून बंद करण्याची सोय आणि प्रकाश चालू असल्याचा दिवा मानकाने बंधनकारक केला आहे. स्वस्त यंत्रात यातलं काय असतं, हे खोका उघडूनच कळतं.

त्यात परावर्तन. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुकानाच्या दर्शनी काचेवर पाच वॅट आदळले तर दोन्ही पृष्ठभाग मिळून चारशे मिलिवॅट रस्त्यावर परत येतात. चांदीची प्रभावळ, गाडीची काच, आरसेजडित रथ, यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. झोत ‘वर आकाशाकडे’ आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्याने रस्त्याच्या दुतर्फा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांतून मिरवणूक बघणाऱ्या लोकांकडेही एकदा पाहावं.

आणखी एक फसवणूक रंगाची. डोळा हिरव्याला सर्वात जास्त, आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या चार टक्क्यांहूनही कमी संवेदनशील असतो. त्यामुळे तेवढ्याच शक्तीचा निळा झोत पंचवीसेक पट मंद दिसतो. दृष्टिपटलाला मात्र निळा अधिक बाधतो. त्यात उष्णतेबरोबर रासायनिक इजेचीही भर असते. रियाधच्या किंग खालिद नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये हातात धरण्याच्या शक्तिशाली निळ्या लेझरमुळे झालेल्या इजांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात मॅक्युलाला, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाला, भोक पडण्यापर्यंतचे प्रकार होते.

चित्रपटगृहाकडे येऊ. तिथल्या प्रोजेक्टरमध्ये लेझरची शक्ती मिरवणुकीतल्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते. पण तो प्रकाश आधी विस्कटला जातो. काही यंत्रांत निळा लेझर एका फिरत्या चाकावरच्या फॉस्फरवर पडतो आणि त्यातून पिवळा किंवा हिरवा प्रकाश निघतो. कॅसिओने २०१० मध्ये लेझर आणि एलईडीच्या जोडीवर चालणारे दिवाविरहित प्रोजेक्टर बाजारात आणले ते याच वाटेने. मोठ्या पडद्यांसाठी लाल-हिरवा-निळा असे तीन लेझर थेट वापरतात, पण तेही विसारकांतून, प्रतिमेच्या चिपवरून आणि काही सेंटिमीटर रुंदीच्या भिंगातून बाहेर येतात. बघणाऱ्याच्या डोळ्यात त्याची प्रतिमा बिंदूची राहत नाही, पसरट होते. इथे प्रश्न एकूण शक्तीचा उरत नाही; उजळपणाचा, म्हणजे किती क्षेत्रातून किती कोनात प्रकाश येतो याचा होतो. त्या मापाने लेझर प्रोजेक्टर आणि जुना झेनॉन प्रोजेक्टर एकाच रांगेत बसतात. झेनॉनच्या भिंगातही कुणी डोळा लावून बसत नव्हतं.

ही गोष्ट नियमांत उतरायला बराच वेळ लागला. अनेक वर्षं अमेरिकेत डिजिटल सिनेमाचा लेझर प्रोजेक्टर आणि रॉक संगीताच्या मंचावरचा लेझर यांना एकाच कलमाखाली परवानगी मागावी लागे. उत्पादकांनी २०११ मध्ये आपली संघटना काढली आणि बदलाचा पाठपुरावा केला. आयईसीच्या २०१४ च्या आवृत्तीने दिव्यासारखं वागणाऱ्या लेझर उपकरणाला दिव्यांच्या मानकाने तपासण्याची मुभा दिली. २०१५ मध्ये प्रतिमा-प्रोजेक्टरांसाठी आयईसी ६२४७१-५ हे स्वतंत्र मानक आलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही मार्गदर्शिका काढून तीच वाट मोकळी केली. आता प्रोजेक्टर जोखीम-गटांत मोजले जातात. भिंगापासून एक मीटरवर मोजून मर्यादेत बसला तर गट २: झोताकडे टक लावून बघू नका, एवढाच इशारा. त्यापलीकडचा गट ३ हा केवळ व्यावसायिक वापरासाठी. तो बसवताना भिंगासमोरचा धोक्याचा पट्टा माणसाच्या डोक्याच्या वर राहील किंवा कठड्याने अडवला जाईल अशी रचना करावी लागते. हा पट्टा सहसा काही मीटरचाच. सिनेमागृहात प्रोजेक्टर उंचावर, काचेआड, खोलीत असतो, म्हणून तिथे हा नियम आपोआप पाळला जातो. लग्नाच्या हॉलमध्ये तिपाईवर, वऱ्हाडाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेल्या मोठ्या प्रोजेक्टरचं तसं नाही.

घरातल्या प्रोजेक्टरबद्दल थोडक्यात. भिंतीला चिकटून ठेवायच्या, वरच्या दिशेने प्रकाश फेकणाऱ्या यंत्रांत बहुधा जवळ कुणी वाकलं की प्रकाश मंद करणारा सेन्सर असतो. रांगत्या मुलांच्या घरात तो बंद करू नये. वर्गात शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून उभं राहावं आणि मुलांनी भिंगात डोकावू नये, एवढं पुरे. याहून जास्त काळजी करण्यासारखं मला त्यात काही दिसत नाही.

काळजी वाटते ती छताला चांदण्या दाखवणाऱ्या दिव्यांची. मुलांच्या खोलीसाठी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या यातल्या अनेकांत हिरवा लेझर आणि त्यासमोर जाळी असते. जाळीमुळे एका झोताचे शेकडो ठिपके होतात आणि प्रत्येक ठिपका कमजोर पडतो. जाळी निसटली की उरतो मूळ झोत. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर किती विसंबावं, याची कल्पना अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या, एनआयएसटीच्या तपासणीतून येते. २०१० मध्ये तिथल्या संशोधकांना एका स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश वीस मिलिवॅट इतका निसटताना आढळला. २०१३ मध्ये त्यांनी १२२ पॉइंटर तपासले. हिरव्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के आणि लालपैकी चव्वेचाळीस टक्के नियमांत बसत नव्हते. अमेरिकेत, जिथे नियम आहेत आणि ते बघणारं खातं आहे, तिथली ही गत.

आता दवाखान्यात काय होतं ते बघू, कारण सगळा वाद शेवटी तिथे येऊन अडतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. त्यामुळे मिरवणुकीत त्या क्षणी ‘चमकलं’ इतकंच कळतं, आणि सकाळी वर्तमानपत्राच्या ओळी वाकड्या दिसतात किंवा समोरच्याचा चेहराच गायब होतो. ओसीटी तपासणीत दृष्टिपटलाचे थर चित्रासारखे दिसतात: कुठे प्रकाशग्राही पेशींच्या थरात तुटलेली रेघ, कुठे रक्तस्राव, कुठे मॅक्युलाला आरपार भोक. भाजलेल्या थरावर खात्रीचं औषध नाही. स्टेरॉइड देतात, पण त्याने फायदा होतो हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. भोक असेल तर शस्त्रक्रिया. आणि रक्त दृष्टिपटलासमोर साचलं असेल तर ते वाट करून काढण्यासाठी वापरतात तेही लेझरच, याग लेझर.

पण दृष्टिपटलासमोरचा रक्तस्राव लेझरनेच होतो असं नाही, आणि मिरवणुकीतल्या तरुणाच्या बाबतीत ही शंका बाजूला सारता येत नाही. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, डोळ्यातली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि नेमकं असंच रक्त साचतं. थॉमस ड्युएन यांनी १९७२ मध्ये हा विकार वर्णन केला. डॉक्टर त्याला वाल्साल्वा रेटिनोपॅथी म्हणतात. सहा तास ढोल कमरेला बांधून वाजवणं, मनोरा रचणं, रथ ओढणं, बेंबीच्या देठापासून घोषणा देणं यात जोर लावण्याला काय तोटा? तेव्हा काळा डाग घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णामागे लेझर आहे असं धरणं चूक, आणि ‘ढोल वाजवला असेल’ म्हणून लेझरला सोडून देणं त्याहून चूक. रक्त ओसरल्यावर खाली प्रकाशग्राही थर जळालेला आहे का, हे ओसीटी दाखवू शकतं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली तर उत्तर बरंचसं मिळतं. ती तपासणी होते का, आणि तिची नोंद कुठे एकत्र होते का, हा खरा प्रश्न आहे.

लेझर दाखवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८६ पासून आहे. तिचा युक्तिवाद असा, की युरोपात दशकानुदशकं प्रेक्षकांवर लेझर फिरवले गेले, त्या मानाने नोंदलेल्या इजा फार थोड्या. युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मर्यादा ओलांडली की डोळा गेलाच असं नसतं, मर्यादेत सुरक्षेचा पदर ठेवलेला असतो. पण नोंद कमी म्हणजे इजा कमी, हे तेव्हाच म्हणता येतं जेव्हा नोंद ठेवणारं कुणी असतं. रशियात व्लादिमीर प्रांतात जुलै २००८ मध्ये उघड्यावरच्या एका नृत्यमहोत्सवात पाऊस आला, ताडपत्र्या ताणल्या, आणि आकाशासाठी असलेले शक्तिशाली लेझर गर्दीकडे वळले. तीसेक जणांच्या दृष्टीला इजा झाली. यंत्र तेच, चालवणारे तेच. बदलली ती फक्त दिशा.

अमेरिकेने ही दिशाच नियमात पकडली. १९६८ च्या किरणोत्सर्ग नियंत्रण कायद्याखाली १९७६ पासून लेझरसाठी कार्यमानक लागू आहे. कार्यक्रमात वापरायच्या लेझरला पाच मिलिवॅटची मर्यादा. त्यावर जायचं तर प्रत्येक यंत्राला आणि कार्यक्रमालाही अन्न व औषध प्रशासनाची खास सूट घ्यावी लागते. सूट मिळाली तरी झोत प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून तीन मीटर वर आणि बाजूने अडीच मीटर लांब ठेवायचा, ही नेहमीची अट. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत नोव्हेंबर १९७३ मध्ये आयव्हन ड्रायर यांनी ‘लेझेरियम’ हा लेझरचा खेळ सुरू केला तेव्हा हे मानक नव्हतं, पण त्यांचा लेझर घुमटावर चित्रं काढत असे. प्रेक्षक घुमटाकडे बघत, झोताकडे नव्हे.

स्वित्झर्लंड आणखी पुढे गेला. तिथला अध्यादेश जून २०१९ पासून लागू झाला आणि वर्ग १ सोडून बाकी सगळे लेझर पॉइंटर बाळगण्यावरही २०२१ पासून बंदी आली. मोठ्या लेझरचा कार्यक्रम करायचा तर प्रमाणपत्रधारक माणूस जबाबदार असायला हवा, आणि कार्यक्रमाची माहिती आधी केंद्रीय आरोग्य खात्याच्या पोर्टलवर भरायला हवी. हा दुसरा भाग मला बंदीपेक्षा मोलाचा वाटतो. तिथे झोताला मालक आहे, आणि त्याचं नाव कागदावर आहे.

भारतात काय आहे? मानक आहे. भारतीय मानक ब्युरोने आंतरराष्ट्रीय मानक आयएस १४६२४ म्हणून स्वीकारलं आहे. पण मानक असणं आणि ते पाळल्याशिवाय यंत्र विकता, भाड्याने देता, चालवता न येणं यांत अंतर आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ बघतं ते आयनीकारक किरणांकडे. क्ष-किरण यंत्राला त्यांचा परवाना लागतो, लेझरला नाही. वैद्यकीय लेझर औषध नियंत्रकांच्या कक्षेत येतात, ट्रसवरचा लेझर येत नाही. अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची जनहित याचिका २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आली तेव्हा लेझर झोतासाठी स्वतंत्र कायदा नाही, हेच नोंदलं गेलं. तक्रार असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५, म्हणजे दुसऱ्याच्या जीविताला किंवा सुरक्षिततेला धोका पोचवणारं बेदरकार कृत्य, याचा आधार घेता येईल, आणि मागणी असेल ती सरकारकडे न्यावी, असं सांगून याचिका निकाली निघाली. पुढच्याच महिन्यात मिरवणुकांबद्दलच्या दुसऱ्या सुनावणीत न्यायालयाने लेझरच्या हानीला शास्त्रीय आधार काय, असा प्रश्न विचारला. प्रश्न कुणाला टोचला असेल, पण विचारायला हवाच होता, आणि त्याचं उत्तर देऊ शकेल अशी एकत्रित नोंद याचिकाकर्त्यांच्या हाती नव्हती.

उरतो पोलिसांचा मनाई आदेश. पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये लेझर बीमवर तशी बंदी घातली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा आदेश, म्हणजे जुनं १४४, हे हत्यार तातडीच्या प्रसंगासाठी असतं. ते काही आठवडे चालतं आणि संपतं. गणपतीत लागू झालेला आदेश लग्नसराईतल्या वरातीला, जयंतीच्या मिरवणुकीला, उरुसाला, नवीन वर्षाच्या पार्टीला सापडत नाही, आणि यंत्र तर वर्षभर तेच फिरत असतं.

ध्वनीशी तुलना इथे उघड आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा लिहिलेली आहे. डॉल्बीवाल्यांनी ती कितपत पाळली हा वेगळा विषय. पण पोलिसाच्या हाती मीटर आहे, पंचनाम्यात लिहायला आकडा आहे आणि न्यायालयात उभा राहील असा नियम आहे. प्रकाशाच्या बाबतीत तिन्ही नाहीत. लेझरची शक्ती मोजणारं मीटर ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे, विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत ती असते. शहरात अशी दोन-चार मीटर आणि ती वापरायला शिकलेली माणसं ठेवणं हा काही अवाढव्य खर्च नाही.

गंमत अशी की एका वर्गाच्या डोळ्यांची काळजी जगभर आणि भारतातही नीट घेतली जाते: वैमानिकांच्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्टात विमानतळाभोवती लेझरमुक्त पट्टे आखून दिले आहेत, आणि सर्वात आतल्या पट्ट्यात मर्यादा आहे चौरस सेंटिमीटरला पन्नास नॅनोवॅट, म्हणजे पाव सेकंदाच्या डोळ्याच्या मर्यादेहून पन्नास हजार पट कडक. कारण तिथे भीती डोळा भाजण्याची नसून उतरत्या विमानाच्या काचेवर क्षणभर दिपण्याची आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये वैमानिकांनी लेझरच्या १३,३०४ घटना कळवल्या. हा आकडा उपलब्ध आहे, कारण कळवण्याची जागा आहे. आपल्याकडेही विमानतळ परिसरात लेझरला मनाईचे आदेश निघतात आणि गुन्हे दाखल होतात. रस्त्यावर नाचणाऱ्या पोराच्या डोळ्याला मात्र असं काही कवच नाही.

सरसकट कायमची बंदी हा उपाय मला पटत नाही. बंदीने लेझर नाहीसे होत नाहीत. ते खरेदीच्या बिलावरून नाहीसे होतात. भिंतीवर, पाण्याच्या पडद्यावर, किल्ल्याच्या तटावर लेझरने चित्रं काढणं सुरक्षितपणे करता येतं, आणि ते देखणंही असतं. माझ्या मते नियम यंत्रावर थांबू नये, झोतापर्यंत जावा. वर्ग ३बी आणि ४ चं यंत्र भाड्याने देणाऱ्याची नोंदणी असावी. चालवणाऱ्याचं नाव मिरवणुकीच्या परवानगीच्या अर्जात असावं, वाद्यपथकाच्या प्रमुखाचं असतं तसं. झोत माणसं उभी असतात त्या जमिनीपासून तीन मीटरच्या खाली येणार नाही, गॅलऱ्यांवर जाणार नाही, अशी एका वाक्याची अट त्याच अर्जात असावी. किल्ली, तातडीने बंद करायचं बटण आणि स्कॅन थांबल्यावर प्रकाश तोडणारी व्यवस्था नसलेलं यंत्र ट्रसवर चढू नये. ही तपासणी दिवसाउजेडी, मिरवणूक निघण्याआधी, पाच मिनिटांत होते.

आणि दुसऱ्या बाजूने, नेत्रतज्ज्ञांनी. उत्सवानंतरच्या महिन्यात मधोमध डाग घेऊन आलेल्या रुग्णाच्या नोंदीत काही प्रश्न सगळीकडे सारखे विचारले जावेत: कुठे उभा होता, झोत अंदाजे किती अंतरावरून, कोणत्या रंगाचा, थांबलेला की फिरता, त्या रात्री ढोल वाजवला का, वजन उचललं का, मोबाइलने चित्रण करत होता का. शेवटचा प्रश्न मुद्दाम. लेझर सरळ भिंगात शिरला तर कॅमेऱ्याचा सेन्सरही जळतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत एक रेघ किंवा ठिपका राहतो. असा फोन रुग्णाच्या खिशात असेल, तर रात्रीच्या झोताचा पुरावा ओसीटीच्या जोडीने टेबलावर येईल, आणि त्या फोनमधल्या चित्रफितीत यंत्राची जागाही दिसेल.